वाळा

सालूम नदी उलटी आहे, लातिर म्हणाला,
आणि बोट बुडवून चाखायला लावलं.
आत जावं तसतसं पाणी अधिक खारट.
समुद्रच इथे वर चढतो, ऊन त्याला पिऊन टाकतं,
मीठ तेवढं उरतं.

होडीचं नाव नाकाडावर रंगवलेलं, निम्मं उडालेलं.
नावाच्या दोन्ही अंगांना डोळे, हिरवे, पापण्यांसकट.
आत आम्ही सहा जण आणि एक बकरी,
पेट्रोलचा डबा, कांद्याचं पोतं,
आणि यांदे सार,
कालवांची रिकामी टोपली दोन्ही पायांत घट्ट धरून,
जणू कोणी पळवणार आहे.

लातिर एका हाताने सुकाणू धरतो,
दुसऱ्याने मोजतो.
वही मांडीवर, पेन्सिल कानामागे.
सुरय: दोनशे. जास्तही असतील.
"ओहोटीला परत विचारू त्यांना."
झोळीवाले: एकोणीस.
वाळूच्या दांड्यावर बसलेत,
निवाडा होऊन गेला तरी पारावरून न उठणाऱ्या
म्हाताऱ्यांसारखे.
मोठा बगळा: एक.
माझ्या छातीला लागेल एवढा.
आमच्या लाटेने त्याचे गुडघे भिजले,
तरी त्याने मान वळवली नाही.

याच बेटावरची अंडी लातिरने लहानपणी खाल्लीत.
सांगताना लाजत नाही.
"बादलीभर आणायचो. आई उकडायची.
बलक नारिंगी, मासळीचा वास.
आता त्याच अंड्यांचा पगार मिळतो,
न खाण्याचा."
सगळे हसले, बकरी सोडून.

वळणावर त्याने इंजिन बंद केलं.
कान आधी रिकामे झाले,
मग हळूहळू भरत गेले:
खारफुटीच्या मुळांवर कालवांची टकटक,
चिखलात खेकड्यांची कुजबुज,
लांब कुठे कुरलाची शीळ, तुटत तुटत आलेली.

वाळक्या फांदीवर कैकर.
पंजाखाली मासा, शेपटी अजून हलतेय.
दुर्बीण माझ्याकडे होती.
पायात निळं कडं, त्यावर पांढरी अक्षरं.
आमच्याकडे बाळाच्या पायात घालतात तसा वाळा,
फक्त घुंगरू नाही.

मी अक्षरं वाचली, लातिरने लिहून घेतली.
"हा ओळखीचा. चौथं वर्ष.
तिकडे वर तळी गोठतात, तेव्हा निघतो.
तिथे एक बाई आहे, तिला मी कळवतो.
'पोचला' एवढंच लिहितो."

"येतो कसा?" यांदेने विचारलं.
लातिरने हवेत वाट काढली:
किनारा धरून, वाळवंटाच्या कडेकडेने,
ती बेटं उजव्या हाताला ठेवून.
बेटांचं नाव त्याने घेतलं नाही.
या गावच्या होडीत कोणी घेत नाही.
तिचा द्येगान तीन वर्षांपूर्वी
त्याच वाटेने वर गेला,
अशाच होडीतून, डोळे रंगवलेल्या.

ती बराच वेळ फांदीकडे बघत राहिली.
मग म्हणाली, "वाळा घालताना दुखतं का त्याला?"
"नाही. पिल्लू असतं तेव्हाच घालतात,
घरट्यात, पंख फुटायच्या आत."
"पंख फुटायच्या आत," ती म्हणाली,
आणि पुढे काही विचारलं नाही.
कैकराने माशाचं डोकं आधी खाल्लं.

ओहोटी लागली.
फाटके मोजे चढवून, सुरी कमरेला खोचून
ती गुडघाभर चिखलात उतरली.
मुळं धरून धरून, वाकून,
कालवं खरवडत राहिली तिन्हीसांजेपर्यंत.
आम्ही शिंपल्यांच्या बेटावर
गोरखचिंचेखाली चहा उकळला. तीनदा.
पायांखाली शिंपले करकरत होते.
कोणी किती पिढ्या खाल्ले, कोण जाणे.

परतताना टोपली जड, होडी खोल.
सुरय डोक्यावरून घरी चालले होते.
लातिर वही मिटायला लागला.
"दोनशे नाहीत," यांदे म्हणाली,
बोटांवरचं रक्त पाण्यात धूत.
"दोनशे चौदा. मी दोनदा मोजले."

त्याने तिच्याकडे पाहिलं.
थुंकी लावून आकडा पुसला, नवा लिहिला.
इंजिन तिसऱ्या ओढीला लागलं.